विश्लेषण : दुखते दाढ, पण मूळ स्नायूत? दंत उपचारांत जबड्याच्या स्नायूंकडे पाहणे का गरजेचे?

दाढ दुखते म्हणून काढली, तरी दुखणे थांबले नाही. नवी कवळी बसवली, पण भाकरीचा घास चावता येईना. रूट कॅनाल ठरले, पण तोंडच पुरेसे उघडत नाही. आष्टा, वाळवा, मिरज, कराड या पट्ट्यातील कोणत्याही दवाखान्यात अशा तक्रारी ऐकायला मिळतात. वरवर वेगळ्या दिसणाऱ्या या तक्रारींचा धागा अनेकदा एकाच ठिकाणी जुळतो, तो म्हणजे जबडा हलवणारे स्नायू. दातांवरील उपचार टिकणार की फसणार, हे ठरवण्यात या स्नायूंचा वाटा मोठा असतो. तो कसा, याचा हा आढावा.

जबडा हलवणारे स्नायू कोणते?

आष्टा परिसर हा ऊसपट्टा. उसाचे पेर दातांनी सोलणारी माणसे येथे घरोघरी सापडतील. दात हे केवळ पाते आहे, त्यामागचा जोर स्नायूंचा असतो. चावण्यासाठी दोन्ही बाजूंना प्रत्येकी चार मुख्य स्नायू आहेत. पहिला मॅसेटर. गालाच्या हाडापासून खालच्या जबड्याच्या कोपऱ्यापर्यंत तो पसरलेला असतो. गालावर हात ठेवून दात घट्ट आवळले, की हाताखाली जो गोळा टणक होतो तोच हा स्नायू. दुसरा टेम्पोरॅलिस. तो कानशिलावर पंख्यासारखा पसरलेला असतो. घास चावताना कानशील हलताना दिसते ते याच्यामुळे. तिसरा जबड्याच्या आतल्या बाजूला असतो आणि मॅसेटरच्या जोडीने जबडा मिटतो. चौथा जबड्याच्या सांध्याजवळ आडवा असतो. तो जबडा पुढे आणि बाजूला ओढतो. तोंड उघडण्याचे काम हा चौथा स्नायू आणि हनुवटीखालचे लहान स्नायू करतात.

निरोगी माणूस दाढांमध्ये साधारण ५० ते ७० किलो वजनाइतका दाब निर्माण करू शकतो. रोजच्या जेवणात याचा थोडाच भाग वापरला जातो. जेवताना आणि गिळताना दात एकमेकांना टेकतात, तो सगळा वेळ एकत्र केला तरी दिवसभरात वीस मिनिटांच्या आसपासच भरतो, असे मानले जाते. उरलेल्या वेळी ओठ मिटलेले आणि वरखालचे दात दोन ते चार मिलिमीटर सुटे असावेत, ही जबड्याची नैसर्गिक विश्रांतीची स्थिती आहे. कामाच्या तंद्रीत, गाडी चालवताना किंवा मोबाइल पाहताना दात आवळून धरणाऱ्यांच्या स्नायूंना ही विश्रांती मिळत नाही.

स्नायूचे दुखणे दाताचे का वाटते?

दात, हिरड्या, जबड्याचा सांधा आणि चावण्याचे स्नायू या सगळ्यांची संवेदना ट्रायजेमिनल नावाच्या एकाच मज्जातंतूतून मेंदूकडे जाते. वाटेत या संवेदना एकमेकींत मिसळतात आणि वेदना नेमकी कुठून आली, याचा मेंदूला चकवा बसतो. हृदयविकारात डावा हात दुखतो, तसाच हा प्रकार. मॅसेटर थकला किंवा त्यात गाठी आल्या, की दुखणे मागच्या दाढांमध्ये जाणवते. टेम्पोरॅलिसचे दुखणे वरच्या दातांत उतरते.

अशा वेळी रुग्ण बोटाने दाढ दाखवतो, कारण त्याला खरोखर तिथेच दुखत असते. दाढेला थोडी जुनी कीड असेल किंवा ती झिजलेली असेल, तर संशय पक्का होतो. मग दाढ निघते, आठवडाभराने शेजारची दाढ दुखू लागते आणि तिच्यावरही उपचार सुरू होतात. काढलेला दात परत येत नाही. म्हणून निदान पक्के होण्याआधी दात काढण्याचा आग्रह रुग्णानेही धरू नये. ‘काढून टाका एकदाची, कटकट नको’ हे दवाखान्यात सर्रास ऐकू येणारे वाक्य महागात पडू शकते.

मग दाताचे दुखणे वेगळे ओळखायचे कसे?

दाताच्या नसेपर्यंत कीड गेली असेल तर थंड किंवा गरम लागताच कळ येते आणि ती बराच वेळ रेंगाळते. रात्री झोपेतून जाग येते, दातावर ठोकले की दुखते, एक्स-रेमध्ये कीड किंवा मुळाशी सूज दिसते. स्नायूचे दुखणे बोथट आणि पसरलेले असते. सकाळी उठल्यावर किंवा दिवसाच्या शेवटी ते वाढते. चिवट पदार्थ चावल्यावर जबडा थकतो. थंड-गरमाने त्यात फारसा फरक पडत नाही. गाल किंवा कानशील दाबले, की ‘हेच ते दुखणे’ असे रुग्ण म्हणतो.

आणखी एक कसोटी दंतवैद्य वापरतात. संशय असलेल्या दाताला भूल दिली जाते. दात बधिर झाल्यावर दुखणे थांबले, तर मूळ बहुधा तिथेच आहे. दात पूर्ण बधिर होऊनही दुखणे तसेच राहिले, तर कारण दुसरीकडे शोधावे लागते. या तपासणीला काही मिनिटे लागतात, पण त्यातून एखादी दाढ वाचू शकते.

एक धोका मात्र लक्षात ठेवायला हवा. चालताना किंवा जिना चढताना जबडा दुखतो, सोबत छातीत दडपण, घाम किंवा धाप असेल, तर दंतवैद्याची वेळ घेण्यात दिवस घालवू नये. हे हृदयविकाराचे लक्षण असू शकते. पन्नाशीनंतर चावताना जबडा भरून येतो, नव्याने डोके दुखते आणि नजर अंधुक होते, अशा वेळीही तातडीने डॉक्टर गाठावा.

झोपेत दात खाल्ल्याने उपचारांवर काय परिणाम होतो?

झोपेत दात खाणे म्हणजे जंत झाल्याचे लक्षण, असा समज आजही खेड्यापाड्यांत आहे. मोठ्यांमध्ये त्याचा संबंध ताणतणाव, झोपेतील अडथळे, दारू, धूम्रपान, अति चहा-कॉफी आणि काही औषधांशी जोडला जातो. झोपेत जबड्यावर जागेपणीचे नियंत्रण नसते. त्यामुळे जेवताना कधीच लागत नाही इतका जोर दातांवर पडू शकतो. दातांचे शेंडे सपाट होतात, भरलेले सिमेंट निखळते, सिरॅमिकच्या कॅपचा टवका उडतो.

इम्प्लांटच्या बाबतीत हा प्रश्न अधिक गंभीर होतो. नैसर्गिक दात हाडात थेट रुतलेला नसतो. त्याच्याभोवती तंतूंची बारीक गादी असते. भातात खडा आला तर क्षणात कळते आणि जबडा थांबतो, ते या गादीतील संवेदनेमुळे. इम्प्लांट थेट हाडाला जुळलेला असल्याने त्याला ही गादी नसते. जोर जास्त झाल्याचा इशारा स्नायूंना उशिरा आणि अंधुक मिळतो. म्हणून इम्प्लांट किंवा मोठा पूल बसवण्याआधी रुग्ण दात खातो का, हे तपासणे आवश्यक ठरते.

यावर झोपताना घालायची पारदर्शक पट्टी, म्हणजेच नाइट गार्ड दिली जाते. दात खाण्याची सवय ती मोडेलच असे नाही, पण झीज ती स्वतःवर घेते. स्नायूंच्या दुखण्यावर आधी मऊ आहार, शेक, व्यायाम, पट्टी असे उपाय करावेत आणि दात घासून चावा कायमचा बदलण्याची घाई करू नये, हा आज सर्वसाधारणपणे मान्य असलेला क्रम आहे.

कवळी आणि स्नायूंचा संबंध काय?

कवळीचे माप घेताना दंतवैद्य मेणाच्या पट्ट्या तोंडात ठेवतो. ‘घोट गिळा’, ‘सावकाश मिटा’, ‘आता मोठ्याने आकडे म्हणा’ असे पुन्हा पुन्हा सांगतो. अनेक ज्येष्ठांना हा वेळकाढूपणा वाटतो. प्रत्यक्षात या वेळी तुमच्या स्नायूंची सवय मोजली जात असते. सगळे दात पडले, की वरचा आणि खालचा जबडा किती अंतरावर थांबावा, हे सांगणारी खूण उरत नाही. ती विश्रांतीच्या स्थितीतील स्नायूंवरून शोधावी लागते.

कवळीची उंची जास्त झाली, तर बोलताना दात आपटल्याचा खटखट आवाज येतो, ओठ नीट मिटत नाहीत आणि संध्याकाळपर्यंत गाल दुखू लागतात. उंची कमी झाली, तर हनुवटी नाकाकडे सरकते, चेहरा बसका दिसतो आणि ओठांचे कोपरे ओलसर राहून चिरतात. बरीच वर्षे दातांविना काढलेल्या माणसाला जबडा पुढे आणून हिरड्यांनी चावण्याची सवय लागलेली असते. ती तशीच मापात उतरली, तर तयार झालेली कवळी तोंडात जुळत नाही. म्हणून दात पडल्यावर वर्षानुवर्षे थांबू नये आणि मापाच्या दिवशी घाई करू नये.

उत्तम बसलेल्या कवळीनेही दाब नैसर्गिक दातांच्या जेमतेम एक चतुर्थांश किंवा त्याहून कमीच मिळतो. खालची कवळी तर जीभ, गाल आणि ओठ यांच्या स्नायूंनीच सावरून धरायची असते. हे कौशल्य शिकायला काही आठवडे जातात. सुरुवातीला मऊ भात, दुधात किंवा आमटीत कुस्करलेली भाकरी घ्यावी. लहान घास दोन्ही बाजूंनी एकदम चावावा. पुढच्या दातांनी तोडून खाल्ले, की कवळी मागून उचलते. पहिल्याच आठवड्यात ती डबीत ठेवून दिली, तर स्नायूंना शिकायची संधीच मिळत नाही. जखम झाली असेल तर कवळी घासून घ्यावी. ती घरी कानशीने घासू नये.

मुलांच्या वेड्यावाकड्या दातांमागेही स्नायू?

दात हिरडीतून वर आल्यावर कुठे स्थिरावणार, हे आतून जिभेचा आणि बाहेरून ओठ-गालांचा दाब ठरवतो. अंगठा चोखणे, तोंडाने श्वास घेणे, गिळताना जीभ दातांत ढकलणे या सवयींनी हा तोल बिघडतो. पुढचे दात बाहेर येतात किंवा वरखालच्या दातांत फट राहते. वाढीच्या वयात, साधारण दहा ते चौदा वर्षांदरम्यान, काढता-घालता येणारी काही उपकरणे स्नायूंचाच जोर वापरून खालच्या जबड्याला पुढे राहण्याची सवय लावतात. हे वय निघून गेले, की हा मार्ग अरुंद होतो.

जिभेची सवय तशीच ठेवून केवळ तारा लावल्या, तर तारा काढल्यावर दात पुन्हा जुन्या जागेकडे सरकू लागतात. मूल तोंड उघडे ठेवून झोपत असेल, घोरत असेल, तर आधी नाक आणि टॉन्सिल तपासून घेणे श्रेयस्कर.

इंजेक्शननंतर तोंड उघडेनासे का होते?

खालची दाढ काढण्यासाठी दिलेल्या भुलेची सुई जबड्याच्या आतल्या स्नायूजवळून जाते. तिथे किंचित रक्त साकळले किंवा सूज आली, तर दोन-तीन दिवसांनी तोंड कमी उघडू लागते. अक्कलदाढ काढल्यानंतरही असे होते. उपचार चुकल्याचाच हा पुरावा असतो असे नाही. पहिल्या दिवशी बाहेरून बर्फ, नंतर कोमट शेक, मऊ अन्न आणि तोंड सावकाश उघडण्याचा व्यायाम यांनी बहुतेकांना एक-दोन आठवड्यांत आराम पडतो. दुखते म्हणून तोंड अजिबात न हलवणे हा चुकीचा उपाय आहे. ताप, हनुवटीखाली वाढती सूज, गिळायला किंवा श्वास घ्यायला त्रास अशी लक्षणे दिसली, तर मात्र त्याच रात्री रुग्णालय गाठावे. दातातला जंतुसंसर्ग गळ्याकडे उतरणे प्राणघातक ठरू शकते.

मराठीत ‘दातखीळ बसणे’ हा वाक्प्रचार आपण बोलती बंद होण्यासाठी वापरतो. वैद्यकात दातखीळ हे धनुर्वाताचे सर्वात परिचित सुरुवातीचे लक्षण आहे. शेतात कोयता, खिळा किंवा काटा लागून जखम झाली आणि काही दिवसांनी जबडा आवळू लागला, तर तो दाताचा प्रश्न समजून थांबू नये. लसीचा बूस्टर डोस दर दहा वर्षांनी घेतला, तर हा धोका टळतो.

मावा आणि सुपारीने तोंड का आखडते?

दक्षिण महाराष्ट्रात दंत उपचारांपुढचा सर्वात मोठा अडथळा पानटपरीवर तयार होतो. सुपारी, तंबाखू आणि चुना एकत्र करून बनवलेला मावा तासन् तास गालात धरला जातो. सुपारीतील अरेकोलिन हे द्रव्य गालाच्या आवरणाखाली कोलेजनचे तंतू साठवते. मऊ, लवचीक गाल हळूहळू पांढरट आणि ताठ होतो. आधी तिखट झोंबते, मग गालात दोरीसारखे पट्टे हाताला लागतात आणि तोंड कमी उघडू लागते. आजार पुढे गेला, की आतील स्नायूंचे तंतूही बाधित होतात. तंबाखू नको म्हणून नुसती सुपारी खाणारेही यातून सुटत नाहीत.

केनियातील भारतीय स्त्रियांमध्ये हा विकार श्वार्ट्झ यांनी १९५२ मध्ये नोंदवला. पुढच्याच वर्षी, १९५३ मध्ये, मुंबईतील डॉ. एस. जी. जोशी यांनी त्याचे वर्णन करताना ‘सबम्यूकस फायब्रोसिस’ हे नाव वापरले. ते आज जगभर रूढ आहे. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील दंत संशोधकांनी केरळमधील एर्नाकुलम जिल्ह्यातील ६६ रुग्णांचा १७ वर्षांच्या काळात पाठपुरावा केला. त्यांपैकी पाच जणांना तोंडाचा कर्करोग झाला. हा अभ्यास १९८५ मध्ये प्रसिद्ध झाला. सुपारी स्वतःच कर्करोगजनक असल्याचे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४ मध्ये जाहीर केले. महाराष्ट्रात जुलै २०१२ पासून गुटखा आणि पानमसाल्यावर बंदी आहे. तरीही तोंड आखडलेले तरुण दवाखान्यांत येतच आहेत.

तोंडच उघडत नसेल तर उपचारांचे काय?

प्रौढ माणसाचे तोंड पुढच्या दातांमध्ये साधारण ४० ते ५० मिलिमीटर उघडते. ३५ मिलिमीटरपेक्षा कमी उघडत असेल तर कारण शोधावे लागते. मागच्या दाढेच्या रूट कॅनालसाठी ड्रिलचे यंत्र आणि दोन-अडीच सेंटिमीटर लांबीच्या सुया आत जायला हव्यात. कवळीच्या मापाचा ट्रे जायला हवा. तोंड २० मिलिमीटरवर अडकले, तर साधी कीड भरणेही कठीण होते. वाचवता आली असती अशी दाढ मग काढावी लागते आणि ती काढायलाही जागा अपुरी पडते. प्रश्न दातांपुरताही उरत नाही. अपेंडिक्स किंवा अपघाताच्या शस्त्रक्रियेसाठी पूर्ण भूल देताना श्वासनळीत नळी घालावी लागते, तीही अशा रुग्णात अवघड जाते.

आखडलेले तोंड पूर्ववत करणारे औषध नाही. सुपारी आणि तंबाखू पूर्ण बंद करणे, गालात इंजेक्शने, रोजचा व्यायाम आणि फार आखडले असेल तर पट्टे कापण्याची शस्त्रक्रिया, असे टप्पे आहेत. शस्त्रक्रियेनंतर काही महिने नेटाने व्यायाम केला नाही, तर तोंड पुन्हा मिटते. लवकर थांबलेल्याचे नुकसान मात्र आहे तिथे रोखता येण्याची शक्यता मोठी असते. तंबाखू सोडण्यासाठी केंद्र सरकारची १८००-११-२३५६ ही मोफत दूरध्वनी सेवा उपलब्ध आहे.

घरी काय तपासावे, दंतवैद्याला काय सांगावे?

आरशासमोर उभे राहून स्वतःची तर्जनी, मधले बोट आणि अनामिका एकावर एक धरावीत. ती पुढच्या वरखालच्या दातांमध्ये उभी मावली, तर तोंड साधारण ठीक उघडते. दोनच मावत असतील तर तपासणी करून घ्यावी. तोंड उघडताना हनुवटी एका बाजूला सरकते का, कानासमोर दुखरा आवाज येतो का, तेही पाहावे. नुसता ‘टक’ आवाज येतो पण दुखत नाही आणि जबडा अडकत नाही, तर सहसा उपचारांची गरज नसते.

दंतवैद्याकडे गेल्यावर दुखणे सकाळी जास्त असते की थंड लागल्यावर, झोपेत दात खाता का, मावा किंवा सुपारी किती वर्षांपासून खाता, तोंड पूर्वीपेक्षा कमी उघडते का, हे न विचारता सांगावे. शेवटची दोन उत्तरे लपवली, तर नुकसान रुग्णाचेच होते. दीर्घ उपचारांत जबडा थकला तर हात वर करून विश्रांती मागण्यात संकोच नसावा. गुंतागुंतीच्या तक्रारींसाठी आष्ट्यापासून जवळ सांगली, कवलापूर आणि कराड येथे दंत महाविद्यालये आहेत. कवळी, जबड्याचा सांधा, मुखविकार आणि शस्त्रक्रिया यांचे स्वतंत्र विभाग अशा महाविद्यालयांत एकाच छताखाली असतात. दाढ काढण्याचा निर्णय संशयास्पद वाटत असेल, तर तिथे दुसरे मत घेणे केव्हाही चांगले.